हुंगा, भुरका, थुंका

आमच्या घरात तीन गोष्टींना बंदी. नैवेद्याआधी अन्न हुंगायचं नाही, चहाचा भुरका मारायचा नाही, आणि पानाची पिंक टाकायची नाही. पहिला नियम सासूबाईंचा, बाकीचे दोन माझे, आणि तिन्ही मोडायचं काम ह्यांचं. छत्तीस वर्षं हा कारभार सुरळीत चालला. मग मुलाला फ्रान्समध्ये नोकरी लागली आणि त्यानं आम्हा दोघांना बोर्डोला नेऊन तांबड्या वाइनच्या वर्गात बसवलं.

"आई, प्यायची नाहीये, नुसती चाखायची आहे," तो म्हणाला. हे वाक्य मी पाठ करून ठेवलं. दापोलीत कुणाला कळलंच तर लागेल.

टेबलावर प्रत्येकापुढे चार पेले, पावाचे तुकडे आणि मधोमध एक काळं चकचकीत भांडं. मला वाटलं, फुलदाणी. फुलं यायची असतील. शिकवणारी मुलगी आमच्या सुनेच्या वयाची. तिनं पेल्याचा दांडा धरून वाइन गरगर फिरवली, पेल्यात पार नाक खुपसलं आणि आम्हाला म्हणाली, "हुंगा." मग घोट तोंडात धरून ओठांतून हवा आत ओढत असा काही आवाज काढला की हे चमकून माझ्याकडेच बघायला लागले. अस्सल भुरका! हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो, म्हणून तो मारायचाच असतो म्हणे. आणि शेवटी ती त्या फुलदाणीवर वाकली आणि थुंकली.

पुढचा तपशील मी देत नाही. एवढंच सांगते, की बाकीच्यांच्या हनुवट्या आणि कागद लाल होत असताना ह्यांची धार हातभर अंतरावरून, थेंब न सांडता, थेट भांड्यात पडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कुठे शिकलात, असंही विचारलं. ह्यांनी नम्रपणे मान लववली.

मग इतिहास झाला. १८५५ साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून बोर्डोच्या दलालांनी तिथल्या तांबड्या वाइनची बाजारभावाप्रमाणे पाच वर्गांत यादी लावली. ती अजून चालते. दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली ती एकट्या शातो मूतों रोशिल्डला (नावाला हसू नका, हे हसून मोकळे झालेत), तीही १९७३ साली. ह्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली. "एकशे अठरा वर्षं? फाइल अडली होती कुणाच्या टेबलावर?" सही कृषिमंत्र्यांनी केली आणि ते मंत्री म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले झाक शिराक, हे कळल्यावर ह्यांचा फ्रान्सबद्दलचा परकेपणा एकदम गेला.

माझी पंचाईत वेगळीच होती. पहिला पेला मेदोकचा, म्हणजे जिरोंदच्या डाव्या काठचा. काबेर्ने सोविन्यों द्राक्ष. यात ब्लॅककरंटचा वास येतो, बाई म्हणाल्या. मी जन्मात ब्लॅककरंट पाहिलेलं नाही, येणार कुठून? शिसपेन्सिलीचा मात्र लगेच आला. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर टोकयंत्रातल्या भुशाचा वास मला नाही कळणार तर कुणाला? बाकी सगळे मात्र ब्लॅककरंटला माना डोलवत होते. तेव्हा मुलानं कानात सांगितलं, की इथल्याच विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिला तांबड्या वाइनची विशेषणं लावली. २००१ साली ते छापूनही आलं. मला एकदम धीर आला. "करवंद," मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांनी आदरानं पाहिलं आणि एकानं वहीत लिहूनही घेतलं.

दुसरा पेला सेंत-एमिलियोंचा, मेर्लोचा. त्याला जून महिन्यातल्या आमच्या परसाचा वास होता, भिजक्या पाचोळ्याचा.

तिसऱ्यानं मात्र जीभ धरली. बाई टॅनिन समजावायला लागल्या. ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, ओकच्या पिंपातून उतरतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. शेजारच्या अमेरिकन जोडप्याला कळेना, ओल्या पदार्थानं तोंड कोरडं कसं पडेल. दहा मिनिटं हातवारे चालले. अहो, तुरट! जांभूळ खाल्लंय ना? सुपारी? हिरडा? आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी उभी राहिले, सवयीनं एकदा टाळी वाजवली आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं: तु-र-ट. बाईंचा र घशातला, त्यामुळे त्या "तुगट" म्हणाल्या. बाकी उच्चार ठीक होते.

चौथा मी थुंकले नाही. महाग होता.

घरी आलो तेव्हा सुनेनं बाहेरच्या खोलीत चहा आणून दिला. ह्यांनी माझ्याकडे बघत, सर्टिफिकेट मिळाल्यासारखा, लांबलचक भुरका मारला. मी काही बोलले नाही. नाक वर करून बसले होते.

"आता तुला कसला वास येतोय?" ह्यांनी विचारलं. "करवंदं?"

"नाही. दूध तळाला लागल्याचा."

सून उठून स्वयंपाकघराकडे धावली.