दहा गुणांची धास्ती

हृदय निरोगी राहावे यासाठी नियमित चालले पाहिजे, हे आता कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. अडचण पटण्यात नसून अंथरुणातून उठण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागला की श्रम मध्यम झाले, अशी त्याची सोपी खूण सांगितली जाते. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी अनेक जण यातली बोलण्याची अट इतक्या निष्ठेने पाळतात की चालण्याची अट बाकावरच बसून राहते.

उपदेशाने न हलणाऱ्या अशा माणसाला खेळाने हलवण्याच्या युक्तीस गेमिफिकेशन म्हणतात. गुण, पातळ्या आणि चढाओढ हे खेळातले घटक खेळाबाहेरच्या कामाला जोडणे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले फ्रॅमिंगहॅम हे गाव 1948 पासून चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असून, त्या अभ्यासाशी जोडलेल्या 94 कुटुंबांतील 200 जणांवर केलेला असा एक प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाच्या गटातील प्रत्येक कुटुंबाला आठवड्याच्या आरंभी 70 गुण आयतेच मिळत. मग रोज चिठ्ठी टाकावी तसे घरातले एक नाव निवडले जाई आणि त्या व्यक्तीने आदल्या दिवशी आपले पावलांचे उद्दिष्ट गाठले नसेल, तर साऱ्या कुटुंबाचे 10 गुण कापले जात. नाव कोणाचे निघेल हे आधी कळण्याची सोय नसल्यामुळे आळस करणाऱ्याला स्वतःच्या हृदयापेक्षा घरच्यांच्या नजरेची काळजी अधिक करावी लागे, आणि योजनेची खरी मेख इथेच होती. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. मंडईत सुट्टे दहा रुपये परत घ्यायला विसरलेल्या गृहस्थाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सिद्धान्तासाठी वेगळ्या पुराव्याची गरज भासू नये.

उद्दिष्टाच्या आकड्याची कुळकथा मात्र वैद्यकाला फारशी भूषणावह नाही. रोजच्या 10,000 पावलांचा जो मंत्र जगभर जपला जातो, त्याचा उगम प्रयोगशाळेत नसून 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. पुढे 2019 मध्ये वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, दिवसाला सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 2,700 चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते आणि साधारण 7,500 नंतर ते आणखी घटत नव्हते. परंतु गोल आकड्याचा मोह सुटणे कठीण.

त्या मोहाचे दर्शन मराठी घरांतही घडते, कारण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर पावलांचे आकडे टाकण्याची चढाओढ आता इकडेही रुजली आहे. रात्री पावणेबाराला, आकडा शेदोनशेने कमी पडल्याचे ध्यानात आल्यावर, घरातले काका मोबाइल पायजम्याच्या खिशात टाकून हॉल ते मोरी अशा येरझाऱ्या घालू लागतात. काकूंचा मोबाइल दिवसभर फ्रिजवर असल्यामुळे ओटा, गच्ची आणि वाण्याचे दुकान यांच्यामधली त्यांची सारी पायपीट हिशेबाबाहेर राहते. गटावर त्या तळाला असतात आणि काका त्यांना व्यायामाचे महत्त्व समजावून सांगतात. मोजले तेवढेच घडले असे मानणे, हा या खेळाचा सर्वांत मोठा दोष म्हटला पाहिजे.

तरीही खेळाला हसून सोडून देता येत नाही. फ्रॅमिंगहॅमच्या प्रयोगात 12 आठवड्यांच्या काळात खेळणाऱ्यांची दिवसाची सरासरी 1,661 पावलांनी वाढली, तर नुसते उद्दिष्ट ठरवून पावले मोजणाऱ्यांची 636 नी. खेळ थांबल्यावर हे अंतर बरेच आटले, पण पुरते मिटले नाही. गुणांच्या धास्तीने टाकलेले पाऊलही हृदयाच्या उपयोगी पडतेच, तेव्हा मध्यरात्री येरझाऱ्या घालणारे काका दिसल्यास वाचकांनी त्यांना हटकू नये. वाटेतली तिपाई तेवढी बाजूला सरकवावी, आणि काकूंचा मोबाइल फ्रिजवरून काढून त्यांच्या हाती द्यावा.