चिमणी : स्वरूप, निगा आणि साफ करणारा

मराठीत चिमणी तीन प्रकारची असते. एक अंगणात दाणे टिपते, दुसरी रॉकेलवर जळते आणि तिसरी शेगडीच्या वर भिंतीला टांगलेली असते. पहिलीला काजळी धरत नाही, दुसरीची फडक्याने पुसता येते, तिसरीची काढायला माणूस बोलवावा लागतो. इथे विचार तिसरीचा आहे. पहिली मध्ये येईल, पण तो तिचा स्वभावच आहे.

शिक्रापूरच्या बाजूला हिची थोरली बहीण म्हणजे गुऱ्हाळाचे धुराडे. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात ते अजून उभे दिसते. चुलवाणात चिपाडे पेटली की तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. धुराडे जितके उंच तितकी ओढ जास्त, आणि या ओढीचे वीजबिल येत नाही. पुणे-नगर रस्त्यालगतच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एवढी उंची आणायची कुठून? तिथे सहा इंची नळी दोन वाकणे घेऊन भिंतीतून आडवी बाहेर पडते आणि उंचीचे काम पंख्याच्या गळ्यात येते. वाकणे जितकी जास्त तितका पंखा दमतो, आणि प्रत्येक वाकणात तेल मुक्कामाला राहते.

तेल येते फोडणीतून. कढईत मोहरी तडतडते, ठेच्याची मिरची पडते, घरातली सगळी माणसे एकदम खोकतात, आणि तेलाचे बारीक कण वाफेबरोबर वर जातात. चिमणीच्या जाळीत पन्हळीसारख्या वाकड्या पट्ट्या असतात. त्यांतून जाताना हवा झटकन वळते. जड तेलकणाला तसे वळता येत नाही, तो पत्र्यावर आपटून खालच्या वाटीत ओघळतो. त्यातूनही निसटलेले कण पंख्याच्या पात्यांवर बसतात. त्यावर रस्त्याची धूळ बसली की डांबराशी नाते सांगणारा एक चिकटा तयार होतो.

निगा सोपी आहे. दर पंधरा दिवसांनी, फार तर महिन्याने, जाळी कढत पाण्यात खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवावी. ॲल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्यात घालू नये. तो तेलाच्या मागोमाग जाळीही खातो. ‘ऑटो क्लीन’ प्रकारात बटण दाबले की आतला हीटर तापतो आणि पंख्यावरचे तेल पातळ होऊन वाटीत उतरते. वाटी मात्र आपल्यालाच रिकामी करावी लागते. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, आणि पुस्तिका ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये न फोडलेल्या पिशवीत असते.

प्रत्यक्षात रूढ असलेली पद्धत वेगळी. चिमणी खराब होऊ नये म्हणून ती लावायचीच नाही. खिडकी उघडायची, आणि चिमणी पाहुणे आल्यावर दोन मिनिटे, दिवा लागतो हे दाखवण्यापुरती. घरघरीत मालिकेतले संवाद ऐकू येत नाहीत, हेही एक कारण. अशी जपलेली चिमणीसुद्धा काळी होते. वाफ सवयीने वरच जाते आणि थंड पत्र्यावर तेल सोडून देते.

मग माणूस शोधणे आले. इंग्लंडात धुराड्यांत लहान मुले चढवत. ते थांबावे म्हणून १८७५ च्या कायद्याने धुराडी साफ करणाऱ्याला पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. शिक्रापुरात परवान्याचे काम शेजारच्या काकू करतात. त्यांचे प्रमाणपत्र तोंडी असते, ‘पोरगा बरा आहे’ एवढेच.

लबाड कारागीर ओळखायला फारशी विद्या लागत नाही. तो पुढच्या काचेवर बोट फिरवतो, बोटाकडे पाहतो आणि म्हणतो, ‘ताई, मोटार कामातनं गेली.’ दुसरा फवारा मारून काच इतकी लखलखीत करतो की त्यात तोंड दिसावे. आतल्या पंख्याला त्याचे तोंड दिसतच नाही.

प्रामाणिक माणूस आधी बटण बंद करून पिन काढतो. ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरतो. त्यातलेच एक पान काम सुरू करण्यापूर्वी चालू चिमणीच्या जाळीला लावून बघितलेले असते. ओढ चांगली असेल तर पान चिकटून राहते, नसेल तर शेगडीवर येऊन पडते. पंखा तो घरच्यांसमोर उतरवतो आणि बोटाने फिरवतो. विनाअडथळा फिरला तर मोटार जाम झाल्याची बातमी खोटी. मग तो जिन्यातून बाहेर जाऊन नळीचे भिंतीबाहेरचे तोंड पाहतो. तिथे जाळी बसवायची कुणाला सुचलेले नसते, आणि आत वाळके गवत, झाडूच्या काड्या, कापूस आणि एक नाराज पाखरू सापडते. चिमणीत चिमणी. घरट्यात अंडी असतील तर हा माणूस नळीला हात लावत नाही, महिनाभराने येतो म्हणतो आणि चकरेचे पैसे घेतो. तो महिनाभर घरचे खिडकी उघडून स्वयंपाक करतात, म्हणजे आधी करत होते तसाच.