पुढेजाऊनराव

तुमच्या सोसायटीतही एक असतील. फ्रिज घ्यायला निघालेल्याला जिन्यात गाठून "कॉम्प्रेसर कुठला?" विचारणारे आणि त्याला उन्हाळाभर माठाचं पाणी पाजणारे. घाटकोपरला आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. आम्ही त्यांना पुढेजाऊनराव म्हणतो.

त्यांना रिमोटचं विमान उडवायचंय. गेली नऊ वर्षं. विमान अजून नाही, कारण आधी ट्रान्समीटर ठरायला हवा. "विमानं पडतात, मोडतात. रेडिओ जन्माचा," असं ते म्हणतात. ते खरं आहे, हाच तर वैताग!

एकदा त्यांच्यासोबत लॅमिंग्टन रोडला गेलो. (चूक माझीच.) दुकानदाराने फ्लायस्कायचा सहा चॅनलचा काढला. शिकाऊ विमानाला चार पुरतात: एलेरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर.

"पण पुढे जाऊन चाकं आत घेणारं विमान घेतलं तर?"

"पाचवा चॅनल."

"फ्लॅप्स?"

"सहावा."

"आणि पुढे जाऊन गणपतीवर वरून फुलं टाकायची झाली तर?"

दुकानदाराने चहा मागवला. एकच.

मग कळलं की सगळे 2.4 गिगाहर्ट्झवर चालत असले, तरी एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसरीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. दुकानदाराने मल्टिप्रोटोकॉलवाला पुढे केला. तो बऱ्याच जणांशी बोलतो. पुढेजाऊनरावांनी तो उलटापालटा करून पाहिला. "सगळ्यांशी जमतं, म्हणजे पुढे जाऊन कुणाचाच नाही," म्हणाले आणि ठेवून दिला. महापालिकेच्या निवडणुकीत माणूस एवढा पारखला असता तर!

शेवटचा घोळ मोडचा. मोड एकमध्ये थ्रॉटल उजव्या हाताला, मोड दोनमध्ये डाव्या. मी एका उडवणाऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, "शिकवणाऱ्याचा जो मोड, तो घ्या. विमान नाक खाली करून निघालं की तो तुमच्या हातातून रेडिओ ओढून घेणार." नऊ वर्षांचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. मी धावत वर जाऊन सांगितलं.

"पण पुढे जाऊन शिकवणारा बदलला तर?"

शिकवणारा मुळात नव्हताच. उडवायला जागाही नाही. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या एवढ्या जवळ परवानगीशिवाय रिमोटचं काही उडवता येत नाही, आणि आमच्या गच्चीवरून तर उतरणाऱ्या विमानांची चाकं मोजता येतात. "पुढे जाऊन बदलापूरकडे बघू," ते म्हणाले.

आता खरं सांगायला हवं. माझ्या मुलीचं थर्माकोलचं ग्लायडर सारखं शेपटीवर बसायचं. त्यांनी नाकाला पाच रुपयांचं नाणं चिकटवलं, बोटांच्या टोकांवर तोलून पाहिलं, नाणं काढून दोनाचं लावलं. ग्लायडर गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. त्या संध्याकाळी "पुढे जाऊन" एकदाही ऐकू आलं नाही.

परवा वाळवण काढायला वर गेलो, तर ते कठड्यापाशी एकटेच. पूर्वेकडून एक विमान उतरत येत होतं. त्यांचे दोन्ही हात पोटापुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या, जणू काही धरलंय. डावा अंगठा हळूहळू खाली येत होता. विमान इमारतींमागे गेलं. तरी ते थांबले, मनात काहीतरी मोजलं, आणि उजवा अंगठा किंचित मागे घेतला.

"मोड दोन?" मी विचारलं.

दोन्ही हात पटकन खिशात गेले.

"बदलता येतो," ते म्हणाले. "पुढे जाऊन."