घरचा टाका

शर्टाला बटण मी स्वतः लावतो. फक्त तो शर्ट घालून चारचौघांत हात वर करत नाही.

म्हणून घरच्या गॅरेजात ‘पिट्स स्पेशल’ बांधणाऱ्या अमेरिकन मंडळींचं मला फार अप्रूप. जॉर्जियाच्या कर्टिस पिट्स यांनी 1940च्या दशकात हे चिमुकलं विमान रचलं. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या, रुंदी जेमतेम 17 फूट, बसायला जागा एकट्याची आणि काम एकच, आभाळात कोलांट्या मारणं. पुढे त्याचे नकाशे विकत मिळू लागले, सुट्या भागांचा संचही आला. तिथल्या सरकारची अट अशी की, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं, तेही शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. बायकोला सांगायला दोन्ही कारणं सोयीची.

धड पोलादी नळ्यांचं, पंखांचा सांगाडा लाकडी आणि वरून चक्क कापड. ते चिकटवून झालं की त्यावर इस्त्री फिरवायची. इस्त्रीच्या बटणावरचे आकडे खरे मानायचे नाहीत, उष्णता वेगळी मोजायची. नीट तापली तर कापड तबल्याच्या पुडीसारखं आवळतं, जास्त तापली तर पुन्हा ढिलं. मग लांबलचक सुई पंखाच्या आरपार खाली-वर काढत, मेण लावलेल्या दोऱ्याने ते एकेका फासळीला शिवायचं. दर टाक्याला गाठ, आणि त्या गाठीला नाव मासे धरायच्या जाळ्याचं. गोधड्या शिवणाऱ्या माझ्या आजीने हे काम बिनबोभाट केलं असतं. वर माझे टाके उसवायलाही लावले असते.

एवढं निगुतीने शिवायचं, त्यात एकट्याने बसायचं, पट्टे आवळायचे आणि विमान उलटं करायचं! पेट्रोल टाकीच्या छताला जातं. म्हणून आतल्या नळीच्या टोकाला वजन असतं, पेट्रोल जाईल तिकडे नळीही लोळत जाते. बांधताना हरवलेला, महिनाभर शोधलेला एखादा नट नेमका अशा वेळी पायाशी उगवतो आणि नाकासमोरून वर निघून जातो. ‘अगं, सापडला!’ म्हणायला शेजारी सीटसुद्धा नाही.

वैमानिक बेटी स्केल्टन जमिनीपासून दहा फुटांवर उलटं उडत आडवी धरलेली फीत कापायची. खुद्द पिट्स यांनी बांधलेलं तिचं ‘लिटल स्टिंकर’ आता वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात टांगलंय, अर्थातच उलटं. तिथे कधी गेलो, तर फोटोसाठी वर बोट दाखवावं लागणार. शर्ट तेवढा दुकानातला हवा.