पोर्टल सुधारू नये, ही नम्र विनंती

प्रति,
मा. सचिव,
शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, निर्वाह भत्ता व शैक्षणिक कर्ज सुधारणा विभाग,
मंत्रालय, मुंबई.
(असा विभाग अस्तित्वात नसल्यास तो तातडीने स्थापन करून हे पत्र त्याच्याकडे वर्ग करावे.)

विषय : महाडीबीटी पोर्टल आहे तसेच चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : 1) दि. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय. 2) दि. 6 नोव्हेंबर 2024 ची 'पीएम विद्यालक्ष्मी'ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. 3) माझ्या दुकानाचे थकलेले भाडे.

महोदय,



मी नाशिकला जुन्या सीबीएसजवळ सेवा केंद्र चालवतो. झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा ही कामं आहेतच, पण दुकान उभं आहे ते शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर. 2017 मध्ये 'मी लाभार्थी' म्हणून सरकारच्या जाहिराती झळकल्या होत्या. त्यात माझा फोटो नव्हता, याची रुखरुख मला अजून आहे. शिक्षणाच्या योजनांचा वर्षानुवर्षं, न चुकता, कुठलाही दाखला न जोडता लाभ झालेला माणूस या जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा कोणी असेल असं वाटत नाही.

आणि आता कानावर येतंय की आपण सुधारणा करणार आहात. साहेब, पोटावर पाय देऊ नका.

जुनी पद्धत वाईट होती, हे मान्य. शिष्यवृत्तीच्या पैशावर संस्थाचालकांनी डल्ला मारला, 2016 मध्ये त्याच्या चौकशीला पथक नेमावं लागलं. त्यावर उपाय म्हणून 2017-18 मध्ये पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकणारं महाडीबीटी पोर्टल आलं. चोरी संस्थाचालकाने केली आणि अंगठा विद्यार्थ्याचा घेतला, हा न्याय मला तेव्हाच आवडला होता. पहिल्याच वर्षी पोर्टलने अशी मान टाकली की शेवटी कागदावर अर्ज घ्यायची वेळ आली. म्हणजे मुलांनी तोच अर्ज दोनदा भरला. माझ्या दुकानातलं दुसरं संगणक टेबल त्या वर्षीचं आहे.

माझं दरपत्रक सोपं आहे. अर्ज भरण्याचे शंभर. फोटोची साईज कमी करण्याचे दहा. महाविद्यालयाच्या लॉगिनवरून अर्ज 'सेंड बॅक' झाला तर दुरुस्तीचे पन्नास. खात्याला आधार लागलंय की नाही ते बघण्याचे वीस. आणि शेवटी पैसे मंजूर झाले की ते 'रिडीम' करण्याचे आणखी वीस. मंजूर झालेले स्वतःचे पैसे मिळवण्यासाठी पुन्हा लॉगिन करून बटण दाबावं लागतं, ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांचा पत्ता कळवावा. दिवाळीला फराळ पाठवीन.

अर्ज भरताना योजनांची यादी उघडते. राजर्षी शाहू महाराज, डॉ. पंजाबराव देशमुख, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, दीनदयाल उपाध्याय... वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या विचारांची मंडळी सरकारी योजनांत शेजारी-शेजारी उभी असतात. यातल्या शाहू महाराजांचा नाशिकशी संबंध आहे. एप्रिल 1920 मध्ये ते इथे आले आणि उदाजी मराठा वसतिगृहाची पायाभरणी करून गेले. पाया दगडाचा होता, त्यावर इमारत झाली, तिथे खेड्यातली पोरं राहून शिकली. आता त्यांच्याच नावाने शिक्षण शुल्काची योजना आहे, आणि तिचा पाया माझ्या दुकानातल्या नेटवर्कवर आहे.

माझे वडील 'ईबीसी'वर शिकले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1959 च्या सुमारास ती सवलत सुरू झाली. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. वडील सांगायचे, दाखला जोडला आणि नंतर फी मागायला कोणी आलंच नाही. अशा कारभारात माझ्यासारख्याने खायचं काय?

मध्यंतरी सुरगाण्याकडची एक मुलगी आली होती. बारावीनंतर नर्सिंगला लागलेली. अर्जासाठी आधारचा ओटीपी हवा. आधारला नंबर वडिलांचा. वडील दिंडोरीकडे द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला गेलेले, आणि मोबाईल पिशवीत, पिशवी बांधावर. पहिले दोन ओटीपी बांधावरच वारले. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. "बाबा, मेसेज आलाय बघ, त्यातला नंबर सांग," ही ओरडतेय. पलीकडून बापाने मोबाईल शेजारच्या पोराकडे दिला. पोराने आकडे वाचायला घेतले, "आठ, तीन, शून्य, थांब, उन्हात दिसत नाही." सावलीला जाईपर्यंत मुदत संपली. चौथ्यांदा जमलं. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला स्कॅन केला तर तहसीलदारांचा शिक्का घडीवर आलेला, अर्धा पुसट. मी अपलोड केला. अर्ज 'सेंड बॅक' येणार हे मला ठाऊक होतं, आणि तो आलाच. पन्नास रुपये तिच्याकडे नव्हते, ते मी घेतले नाहीत, म्हणून या व्यवहाराची नोंद आमच्या हिशेबात तोट्यात आहे.

आता 8 जुलै 2024 च्या निर्णयाकडे वळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून लागलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची फी, आधी निम्मी माफ होती, ती पूर्ण माफ. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. निर्णय चांगला आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. निफाड-चांदवडकडचे बाप पेढे घेऊन दुकानात आले होते. पण माफ झालं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, ग्रंथालयाची अनामत, जिमखाना, ओळखपत्र आणि 'इतर' या नावाखाली जे काही येतं त्याला शासन निर्णय हात लावत नाही. शिवाय काही ठिकाणी, नाव घेत नाही, काउंटरवरचा माणूस सांगतो, "सरकारचे पैसे आले की तुम्हाला परत करू, तोवर तुम्ही भरा." प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असं सरकारने बजावलेलं आहे. पण काउंटरच्या त्या बाजूला शासन निर्णय वाचला जात नाही आणि या बाजूच्या बापाला वाद घालायची हिंमत होत नाही, कारण पोरीला चार वर्षं तिथेच काढायचीत. तो बाहेर येतो, माझ्या दुकानासमोर उभा राहतो आणि मेव्हण्याला फोन लावतो. कांद्याला भाव असेल तर मेव्हणा उचलतो.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी 2021 पासून आणखी एक बहार आहे. शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात, राज्याचा 40 टक्के वेगळा. केंद्राचे पैसे आले की मुलाने त्यातली फी 7 दिवसांत महाविद्यालयात नेऊन भरायची. सात दिवस! पैसे केव्हा येणार, याला मुदत नाही. पण आल्यावर मुलाने घोटाळा करू नये म्हणून त्याला आठवड्याची मुदत. ही शिस्त मला फार भावते.

स्वाधार योजनेत, वसतिगृहात जागा न मिळाल्याने नाशिकला बाहेर राहणाऱ्या मुलाला वर्षाला 51,000 रुपये मिळतात. त्यातले जेवणाचे 28,000. दहा महिने धरले तर महिन्याला 2,800. ते वेळेवर आले तर त्यात भागवणारी पोरं आहेत. न आले तर मेसवाल्या मावशी आहेत, ज्या वहीत लिहून ठेवतात. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना या मावशी चालवतात आणि तिला अजून कुठल्याही महापुरुषाचं नाव दिलेलं नाही. आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून 2018 मध्ये जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती, कारण आदिवासी विकास आयुक्तालय इथे, आमच्या गडकरी चौकात आहे. पैसे नकोत, जेवण द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खात्यावर आलेला मेसेज खाता येत नाही, हे पोरांना तेव्हाच कळलं होतं.

जे यातल्या कशातच बसत नाहीत, त्यांच्यासाठी कर्ज. केंद्राने 'पीएम विद्यालक्ष्मी' आणली. तारण नको, जामीनदार नको, 7.5 लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची 75 टक्के हमी. ऐकायला छान वाटतं. फक्त प्रवेश देशातल्या निवडक संस्थांपैकी एकीत झालेला हवा. म्हणजे ज्या पोराला आयआयटी लागली, ज्याच्या दारात बँका स्वतःहून पेढे घेऊन येतात, त्याची हमी सरकारने घेतली. तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेल्या पोराला त्या यादीत कॉलेजचं नाव शोधून द्यायचं काम माझ्याकडे येतं. मी शोधतो, मिळत नाही, दहा रुपये घेतो.

त्याच्यासाठी जुनी योजना आहेच. 4 लाखांपर्यंत तारण नाही, असं बँकांच्या संघटनेच्या नमुना योजनेत फार वर्षांपासून लिहिलेलं आहे. तरी एका शाखेत सातबारा मागतात, दुसऱ्या शाखेत बापाचा सिबिल बघतात. सिबिल खराब असतो, कारण पीककर्ज थकलेलं असतं, कारण बेदाण्याला दर नव्हता. तिसरीकडे सांगतात, तुमचा पत्ता आमच्या हद्दीत येत नाही. असं सांगून अर्ज परत करू नका, हे रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच सांगितलंय. ते परिपत्रक मी छापून ठेवलंय, प्रत दोन रुपयांना देतो. मॅनेजरसाहेब ते वाचतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "पुढच्या आठवड्यात या."

एक खासगी शंका विचारतो. आमच्याकडे सिंहस्थ कुंभमेळा येतोय. गुरू सिंह राशीत जातो तेव्हा तो भरतो, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे रस्ते, घाट, पूल यांचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत लागणार ते सरकारला आधी कळतं. शिष्यवृत्ती कोणत्या ग्रहावर अवलंबून आहे, ते कळलं तर इथल्या एखाद्या गुरुजींकडून शांत करून घेता येईल. कारण विद्यार्थ्याच्या अर्जाला शेवटची तारीख असते, दुरुस्तीला असते, महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठवायला असते. फक्त पैसे जमा करायला नसते.

तरी पोर्टलचा रंग बदलावा. नवं अ‍ॅप आणावं, त्याला ओटीपी दोन असावेत. आणखी दोन-तीन थोर पुरुषांच्या नावे योजना काढाव्यात, मी नवीन फ्लेक्स लावीन. उत्पन्नाच्या दाखल्यासोबत उत्पन्न नसल्याचाही दाखला मागावा. या सगळ्या सुधारणांना माझा पाठिंबा आहे. मात्र काही वाह्यात लोक असं सुचवतात की शासन निर्णयातच लिहावं : अर्ज मंजूर झाल्यापासून अमुक दिवसांत पैसे जमा होतील, न झाल्यास त्यावरचं व्याज विभाग भरेल, आणि तोवर महाविद्यालय विद्यार्थ्याचा निकाल किंवा दाखला अडवणार नाही. असं एक वाक्य छापलं तर माझं दुकान एका वर्षात बंद पडेल. मेसवाल्या मावशींची वहीसुद्धा.

तेवढं एक वाक्य कृपया छापू नये.

आपला नम्र लाभार्थी,
एक सेवा केंद्रचालक,
जुने सीबीएस, नाशिक.

सोबत : आधारची स्वयंसाक्षांकित प्रत. हे पत्र 'सेंड बॅक' करायचं झाल्यास कारण स्पष्ट लिहावे.