बोका, पोरगा आणि दुधाचा पेला

आमचा चार वर्षांचा नातू परवा पानावरून म्हणाला, "आजी, ही भाजी मला पसंद नाही. तू मला परेशान करू नकोस." ही भाषा घरात कुणाची नाही. ती कार्टूनमधल्या डोरेमॉनची. जपानी बोका हिंदी बोलतो आणि डोंबिवलीचं पोर मराठी विसरतं. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

पोरं उलट बोलायला शिकतात म्हणून सरकारने 2008 साली शिनचॅन या दुसऱ्या कार्टूनवर बंदी घातली होती. पुढे कात्री लावून तो परत आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बजावलं, की या वयाच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त पडदा नको. सूनबाईंनी ते तंतोतंत पाळलं. एक तास कार्टून, मग टीव्ही मोठ्यांच्या ताब्यात.

मोठे म्हणजे आम्ही. साडेसात ते दहा, सलग मालिका, आणि नातू आजीच्या मांडीवर. आता तो काही 'बघत' नसतो, नुसता बसलेला असतो, त्यामुळे ते तासात धरायचं नाही.

काल सूनबाईंनी त्याच्यापुढे दुधाचा पेला ठेवला. त्याने पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग तोंडाने "ढ्यॅण!" करत मान तीनदा गर्रकन वळवली. आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "आबा, पिऊ नका. मम्माने यात काहीतरी मिसळलंय."

बायको म्हणाली, "हे त्या बोक्याचंच."