काळा सदरा, पांढरा दुपट्टा

मे महिन्यात यवतमाळात गळ्यापर्यंत बंद, पूर्ण बाह्यांचा काळा टी-शर्ट घालून कुणी समोर आलं, तर आम्ही त्याला आधी पाणी विचारतो आणि मग नाव. त्या दिवशी व्यासपीठावरचे वक्ते तसेच आले होते. विषय होता ‘स्टीव्ह जॉब्सकडून नेतृत्व आणि मार्केटिंग’, आणि गुरूचा वेश ही शिष्याची पहिली पायरी. हॉलमधला कूलर वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देत होता. वक्ते घामानं निथळत होते, पण बाही काही वर करत नव्हते. निष्ठा म्हणतात ती हीच.

मला तिथं भाच्यानं नेलं होतं. तो इंजिनिअर, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. कास्तकारांसाठी त्यानं मोबाइलवरचं एक अ‍ॅप काढलंय. कधी फवारायचं, कधी थांबायचं, ते हे अ‍ॅप सांगतं. “मामा, अ‍ॅप तयार आहे, आता फक्त विकायचं राहिलंय,” असं तो म्हणाला, तेव्हा मला बियाणाची पिशवी हातात घेऊन ‘आता फक्त पीक यायचं राहिलंय’ म्हणणारा माणूस आठवला. पण मामानं भाच्याच्या उत्साहावर पाणी टाकू नये, म्हणून मुकाट्यानं गेलो.

माझ्या शेजारी राळेगावकडचे एक काकाजी बसले होते. ते कशासाठी आले होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा कूलरसाठी.

वक्त्यांनी पहिला धडा सांगितला. १९८५ साली जॉब्सला स्वतःच काढलेल्या ‘अ‍ॅपल’मधून बाहेर पडावं लागलं. १९९७ साली तो परतला, तेव्हा कंपनी संगणकांची इतकी मॉडेलं विकत होती, की कुणी कोणतं घ्यावं ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. जॉब्सनं फळ्यावर चार चौकोन काढले. घरच्यांसाठी दोन, व्यावसायिकांसाठी दोन. प्रत्येकात टेबलावरचा एक, उचलून न्यायचा एक. बाकी सगळं बंद.

“इरळनी केली म्हना ना,” काकाजी पुटपुटले.

मला वाटतं, त्या दिवशीच्या व्याख्यानातलं सर्वांत नेमकं वाक्य हेच. आमच्याकडे कपाशी लावताना एका जागी दोन दाणे टाकतात. दोन्ही उगवले, की एक रोप उपटायचं. हिरवंगार, काही गुन्हा न केलेलं रोप उपटताना हात अडखळतो. पण दया केली तर दोन्ही रोडावतात. आमच्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या ही विरळणी करत आल्या, फक्त फळ्यावर चौकोन काढायचं राहून गेलं.

दुसरा धडा सादरीकरणाचा. १९८४ च्या जानेवारीत जॉब्सनं पिशवीतून मॅकिंटॉश बाहेर काढला आणि आपण बाजूला होऊन त्या यंत्रालाच बोलायला लावलं. काकाजींना याचंही नवल वाटलं नाही. बैलबाजारात विकणारा कितीही बोलो, घेणारा आधी दात पाहतो, मग दुपट्ट्याखाली बोटांनी भाव करतो, आणि शेवटी एकच म्हणतो, “जुतून दाखव.” मग बैलानं काय ते बोलायचं.

शेवटी वक्ते भावुक झाले. माणसानं कायम भुकेलं आणि थोडं वेडं राहावं, या जॉब्सच्या उपदेशावर त्यांनी समारोप केला. टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर काकाजी माझ्या कानाशी म्हणाले, “भुकेलं राहाचं आमाले शिकवाची गरज नाई भाऊ. अन् येड्याचं म्हनसान, तं दरसाली कापूसच पेरतो. आनखी काय पायजे?”

घरी येताना मला मात्र आपल्याकडचा एक माणूस आठवत राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. मग यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. तिकडे जॉब्स कॉलेज सोडून सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसला. दोघेही कलेच्या दारातून यंत्राकडे आले. लक्ष्मणरावांनी बेळगावात आधी सायकली विकल्या, मग कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर.

तो नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

शाळेत असताना ही गोष्ट ऐकून आम्ही हसायचो. काय ते अडाणी लोक! आता हसू येत नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचं नाव विसरा, असंच सगळ्यांना वाटलं होतं. बियाणांच्या जाहिरातींनी आमच्या भिंती भरल्या. वाणांची नावं अशी की एकेक महाभारतातला योद्धा वाटावा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं या जिल्ह्यातली पऱ्हाटी आतून पोखरली. बाहेरून बोंड साबूत, फोडलं की किडकं. भिंतीवरचे योद्धे तसेच हसत उभे होते. तेव्हापासून मला वाटतं, नव्या वस्तूविषयीची शंका म्हणजे अडाणीपणा नव्हे, तो कास्तकाराचा विमा आहे. हप्ता तो स्वतःच्या अनुभवानं भरतो.

लक्ष्मणरावांनी त्या शंकेला नावं ठेवली नाहीत, ते टिकून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप हेच तिथले मूळ रहिवासी. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं इंजिनिअर झाले, आणि राखणीला ठेवलेली माणसं एकेकाळचे दरोडेखोर होती. ‘विश्वास टाका’ असं भिंतीवर लिहिणं सोपं, किल्ल्या त्यांच्या हाती देऊन झोपणं अवघड. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालेलं ते मासिक पुढे घराघरांत वाचलं जाऊ लागलं, कारण त्यात मालापेक्षा वाचकाच्या जगण्याविषयी जास्त असायचं.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, दोन वर्षं? माझ्याजवळ दोन महिन्यांचे पैसे आहेत.”

व्याख्यान देणं सोपं असतं ते यामुळेच. मी विषय बदलला.

जूनमध्ये मृग लागला. भाच्यानंही काळा टी-शर्ट घेतला होता. तो घालून गावोगाव फिरला, अ‍ॅप दाखवलं. लोक ऐकायचे, चहा पाजायचे आणि ‘पाहू’ म्हणायचे. आमच्याकडे ‘पाहू’ हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. राळेगावकडच्या काकाजींनी मात्र त्याला एक अट घातली. “आता सगळेच येतात. तू पाती-बोंडं धरल्यावर ये.”

ऑक्टोबरमध्ये त्यांच्या वावराजवळून जाणं झालं, तर बांधावर स्कूटर उभी. भाचा सकाळपासून तिथं होता. काळा टी-शर्ट कुठं गेला कोण जाणे, डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला. कामगंध सापळ्यातले पतंग तो एकेक करून मोजत होता. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, हा हिशोब. त्याची ती तिसरी सकाळ होती, आणि गावातले दोघं-तिघं उगीचच बांधावर येऊन बसले होते.

काकाजी उकिडवे बसून त्याच्या बोटांकडे पाहत होते, बैलाचे दात पाहावेत तसे. मोजणी संपल्यावर त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, “हं, आता सांग. तुया मोबाइल काय म्हन्ते?”